कृत्रिम सांध्याचें ओळखपत्र

आज मी ज्या कागदाविषयीं बोलणार आहें तो आकारानें हाताच्या तळव्याएवढाहि नसतो. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलून घेतलेला रुग्ण इस्पितळांतून घरीं निघाला म्हणजे औषधांची यादी, टांके काढण्याची तारीख, व्यायामाचीं चित्रें आणि भलें मोठें बिल यांच्याबरोबर हें जाड कागदाचें कार्ड त्याच्या हातीं पडतें. औषधांची यादी घरांतील माणसें दिवसांतून तीनदां वाचतात. बिल तर सर्वांना पाठच होतें. कार्ड मात्र कोणी वाचीत नाहीं. आमच्या घरींहि तें कोणी वाचलें नाहीं. सदतीस वर्षें मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें बजावीत आलेल्या माणसाला ही कबुली देणें सुखाचें नाहीं; परंतु ती दिल्यावांचून पुढची हकीकत सांगतां येणार नाहीं.

हें कार्ड कशासाठीं, असें दहा जणांस विचारलें तर नऊ जण सांगतील कीं, विमानतळावर दाखविण्यासाठीं. सांध्यांत धातु असतो, धातूमुळें तेथील यंत्र वाजतें, आणि कार्ड दाखविलें कीं शिपाई सलाम करून सोडतो, अशी एक गोड समजूत आपल्याकडे आहे. ती सर्वस्वी खोटी नाहीं. पण निम्म्याहून पुष्कळ कमी खरी आहे. प्रथम तिचाच समाचार घेऊं.

विमानतळावर, मेट्रोच्या स्थानकांत किंवा मोठ्या देवस्थानांच्या दाराशीं आपण ज्या रिकाम्या चौकटींतून आंत जातों, तिच्या खांबांत तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. त्यांतून जाणारी वीज सारखी बदलत ठेवलेली असते, त्यामुळें चौकटीच्या पोकळींत सारखें बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. अशा क्षेत्रांत धातूची वस्तु आली कीं तिच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे फिरूं लागतात. बदलत्या चुंबकत्वापासून वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें, आणि तेव्हांपासून तो नियम शाळेंतल्या पोरांच्या मानेवर बसला आहे. या भोंवऱ्यांचें स्वतःचें असें एक दुबळें चुंबकीय क्षेत्र असतें. तें वेटोळ्यांना जाणवतें आणि घंटी वाजते. यंत्राला धातु तेवढा कळतो. तो धातु कमरेच्या पट्ट्याचा, चाकूचा, कीं गुडघ्याचा, हें त्याला कळत नाहीं.

गंमत अशी कीं, या यंत्राच्या एका पूर्वजाचा जन्म शरीराच्या आंतला धातु हुडकण्यासाठींच झाला होता. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली, आणि ती शरीरांत कोठें रुतून बसली आहे हें डॉक्टरांना कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें वेटोळ्यांचें एक यंत्र सिद्ध केलें व तें अध्यक्षांच्या अंगावरून फिरविलें. गोळी सांपडली नाहीं. बिछान्याच्या पोटांत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनीं शोध एकाच बाजूस करूं दिला, अशीं कारणें मागाहून देण्यांत आलीं. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. क्ष-किरणांचा शोध लागावयास त्यानंतर चौदा वर्षें जावयाचीं होतीं.

आतां आपल्या सांध्याकडे वळूं. आजच्या स्वरूपाचा खुब्याचा सांधा नोव्हेंबर १९६२ पासून मानावयाचा. त्या महिन्यांत इंग्लंडांतील रायटिंग्टन येथें जॉन चार्नली या शस्त्रवैद्यानें पोलादाचा लहान गोळा आणि पॉलिएथिलीन नांवाच्या घट्ट प्लास्टिकची वाटी यांची जोडी जमविली, व ती एका विशिष्ट सिमेंटनें हाडांत पक्की केली. हल्लींच्या सांध्यांत पोलादाऐवजीं बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातु किंवा टायटॅनियम असतो. गुडघ्यांत मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंच्या मध्यें प्लास्टिकची गादी, अशी मांडणी असते. इतका धातु बाळगणाऱ्या माणसाला पाहून चौकट वाजली तर तिला दोष देतां येत नाहीं.

२०१२ सालीं आमच्या सौभाग्यवतीचे दोन्ही गुडघे बदलले, आणि पुढच्या वर्षीं आम्ही मुलीकडे बंगलोरास प्रथमच विमानानें गेलों. कार्डाविषयींची ती गोड समजूत माझीहि होतीच. निघण्यापूर्वीं मीं तें पेटींतून काढलें, प्लास्टिकच्या पाकिटांत घातलें, आणि सौ.ला बजावलें कीं हें हातांतच धर. चौकट वाजली. सौ.नें मोठ्या ऐटीनें कार्ड पुढें केलें. तेथील पोलीसबाईनें त्याच्याकडे ओझरतें पाहिलें, पाकीट पर्समध्यें ठेवा असें हिंदींत अदबीनें सांगितलें, आणि तिला पडद्याआड नेऊन हातांतल्या यंत्रानें नीट तपासलें. दोन मिनिटांत दोघी हंसत बाहेर आल्या. "अहो, त्या बाईच्या आईचेहि गुडघे बदलले आहेत," एवढी बातमी घेऊन सौ. आली. कार्ड वाचण्याची कोणासच गरज पडली नाहीं.

मागाहून विचार केला तेव्हां पोलीसबाईचें वागणें मला सर्वथा रास्त वाटलें. कार्ड छापणें कांहीं अवघड नाहीं. तें ज्याचें त्याचेंच आहे याची खूण त्यावर नसते. आणि गुडघ्यांत धातु आहे एवढ्यानें खिशांत दुसरें कांहीं नाहीं असें ठरत नाहीं. आपल्या देशांत तर यंत्र वाजो वा न वाजो, हातांतलें यंत्र बहुतेक प्रत्येकाच्या अंगावरून फिरतेंच. ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत अशा श्रोत्यांसाठीं सांगतों कीं, तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याचेंहि म्हणणें असेंच आहे. आपल्या अंगांत सांधा आहे हें तपासणीपूर्वीं अधिकाऱ्यास सांगावें, हवें तर कार्ड दाखवावें; परंतु त्यामुळें तपासणी चुकत नाहीं. तिकडे एक निराळें यंत्रहि असतें. त्यांत हात वर करून उभें राहावें लागतें. त्याच्या सूक्ष्म लहरी कपड्यांतून आरपार जातात, पण कातडीवरून परततात, म्हणून आंतला सांधा त्यांना दिसतच नाहीं. सांधेवाल्यांना तें यंत्र सोयीचें. मग प्रवासांत कार्ड नेऊंच नये काय? अवश्य न्यावें, भाषा न समजणाऱ्या मुलुखांत चार वाक्यांचें काम तें एका क्षणांत करतें. तें माफीपत्र नव्हे, इतकेंच ध्यानांत असावें.

असो. बंगलोराहून परतल्यावर माझा त्या कार्डावरचा विश्वास उडाला. ज्याचा उपयोग नाहीं तें जपावयाचें कशाला, अशा बुद्धीनें मीं तें कोठेंतरी ठेवून दिलें. कोठें, तें विसरलों.

त्यानंतर दहा वर्षें गेलीं. डिसेंबर २०२३ मध्यें आम्ही एका लग्नासाठीं नाशकास गेलों असतां कार्यालयाच्या ओल्या पायरीवरून सौ. घसरली आणि उजव्या पायावर पडली. रात्रीं इस्पितळांत फोटो काढला, तेव्हां कृत्रिम सांध्याच्या अगदीं वर मांडीचें हाड मोडलेलें दिसलें. तरुण शस्त्रवैद्यांनीं फोटो उजेडापुढें धरला आणि मला विचारलें, "काका, हा सांधा कोणत्या कंपनीचा? नमुना कोणता?"

मीं उत्तर दिलें, "डॉक्टर, चांगला भारी किमतीचा होता."

ते हंसले नाहींत, हें त्यांचें सौजन्य.

हा प्रश्न त्यांनीं कां विचारला तें त्यांनीं मला कागदावर चित्र काढून समजावून दिलें. तें मी आपणांस सांगतों, कारण या कार्डाचें खरें प्रयोजन त्या चित्रांत आहे. अशा ठिकाणीं हाड मोडलें म्हणजे तें जोडण्याच्या मुख्य रीती दोन. एक, मांडीच्या बाहेरच्या अंगानें हाडाला धातूची लांब पट्टी लावून ती स्क्रूंनीं आंवळावयाची. दुसरी, गुडघ्याच्या बाजूनें, खालून वर, हाडाच्या पोकळींत एक लांब सळई सरकवावयाची. परंतु सळई ज्या वाटेनें जावयाची त्या वाटेवर आतां धातूची टोपी बसलेली! कांहीं नमुन्यांच्या टोपीला मध्यभागीं मोकळी खांच असते व तींतून सळई जाऊं शकते. कांहींत ती खांच धातूनेंच बंद केलेली असते. मोकळी असली तरी तिची रुंदी नमुन्यागणिक वेगळी. फोटोंत हें सर्व एका पांढऱ्या डागांत बुडून जातें. कधीं कळतें, पुष्कळदां कळत नाहीं. नमुन्याचें नांव हातीं असलें तर मात्र कंपनीच्या पुस्तकांत पाहून पांच मिनिटांत निर्णय होतो.

नमुन्याचें महत्त्व केवळ हाड मोडल्यावरच असतें असेंहि नाहीं. वर्षानुवर्षें चालून आंतली प्लास्टिकची गादी झिजते, आणि कधीं कधीं तेवढीच बदलून काम भागतें. पण गादी त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची, त्याच मापाची लागते. आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरची रबरी रिंग जशी शेजारणीच्या कुकरला बसत नाहीं, तसाच हा प्रकार. खुब्याचा गोळा आणि त्याखालचा दांडा यांचेंहि हेंच नातें. माहिती नसली म्हणजे शस्त्रवैद्याला निरनिराळ्या कंपन्यांचीं हत्यारें व सुटे भाग जवळ घेऊन बसावें लागतें, किंवा घट्ट बसलेला चांगला भागहि काढून टाकावा लागतो.

त्या रात्रीं मीं शेजाऱ्यांना दूरध्वनि करून घराचें कुलूप तोडावयास लावलें. त्यांनीं कागदपत्रांची पेटी उपसली व एकेका कागदाचें छायाचित्र मला पाठविलें. घरीं सोडतांना दिलेल्या पत्रकांत 'दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलले' एवढेंच. बिलांत 'इम्प्लांट' असा एक शब्द आणि पुढें आंकडा. कार्ड नाहीं. सकाळीं जुन्या इस्पितळाला विचारलें, तों मधल्या काळांत तें दुसऱ्यांनीं घेतलेलें, आणि इतके जुने कागद त्यांच्यापाशीं नव्हते.

मला राग आला. पण नियम पाहिला तेव्हां तो निवला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें इस्पितळांत राहिलेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जपून ठेवणें डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णानें मागितल्यास ते बहात्तर तासांत द्यावयाचे आहेत. म्हणजे तीन वर्षें कागद त्यांच्याकडे हक्कानें मागतां येतो. पुढें भरंवसा आपल्याच पेटीचा. आणि सांधा किती वर्षें टिकतो? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत २०१९ सालीं निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करून जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें गुडघ्याचे संपूर्ण बदललेले सांधे शंभरांपैकीं सुमारें ८२, आणि खुब्याचे सुमारें ५८, पंचवीस वर्षें टिकतात. तीन वर्षांचा कागद आणि पंचवीस वर्षांचा सांधा, असें हें लग्न आहे.

शेवटीं डॉक्टरांनीं पट्टीची रीत पत्करली. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि आज सौ. काठी न घेतां चालते. पण तिला पुष्कळ आठवडे पाय टेकतां आला नाहीं. दोन महिन्यांनीं जुन्या प्रवासी पिशवीच्या आंतल्या कप्प्यांत तें कार्ड सांपडलें, बंगलोरच्या विमानाच्या तिकिटासकट! मीं त्याचें छायाचित्र नाशिकच्या डॉक्टरांना पाठविलें. त्या नमुन्याची खांच मोकळी निघाली. सळई बसूं शकली असती, आणि कदाचित् पाय थोडा लवकर टेकतां आला असता, असें त्यांनीं मीं विचारलें म्हणून सांगितलें. पट्टीनेंहि हाड उत्तम जुळलें आहे, मनाला लावून घेऊं नका, असें न विचारतां सांगितलें.

या कार्डाचा आणखी एक उपयोग आहे. तो एकट्या रुग्णाचा नसून सर्वांच्या हिताचा आहे. ऑगस्ट २०१० मध्यें एका परदेशी कंपनीनें आपला एका जातीचा खुब्याचा सांधा साऱ्या जगांतून परत मागविला. त्यांत गोळाहि धातूचा आणि वाटीहि धातूची. दोन्ही एकमेकांवर घासून कोबाल्ट व क्रोमियम यांचा सूक्ष्म अंश शेजारच्या मांसांत व रक्तांत उतरत असे. भारतांत हा सांधा सुमारें ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. पुढें केंद्र सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली, तेव्हां असें आढळलें कीं त्यांपैकीं बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागत नाहीं. आपल्या अंगांत कोणता सांधा आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें वर्तमानपत्रांतली ती बातमी वाचून दुसरें पान उलटलें असणार. आणि भरपाई मागावयाची तर तोच सांधा आपल्या अंगांत आहे हें आधीं दाखविणें आलें. स्वीडनांत गुडघ्यांच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्यें सांध्यांची नोंदवही २००३ पासून. तेथें रुग्ण कार्ड हरवून बसला तरी वही त्याला शोधून काढते. आपल्याकडे अस्थिवैद्यांनीं अशी वही चालविली आहे, पण प्रत्येक सांधा तींत आलाच पाहिजे अशी सक्ती नाहीं. म्हणून रुग्णानें स्वतःच आपली वही व्हावें लागतें.

कायदे हळूहळू या बाजूला येत आहेत. ऑस्ट्रेलियानें २०१८ च्या डिसेंबरपासून शरीरांत कायम बसविल्या जाणाऱ्या वस्तूंसाठीं रुग्णास कार्ड देण्याची सक्ती टप्प्याटप्प्यानें आणली. युरोपीय संघाचा नवा कायदा २६ मे २०२१ पासून लागू झाला. त्याप्रमाणें कार्डावर वस्तूचें नांव, नमुना, क्रमांक, आणि बनविणाराचें नांव व पत्ता हें सर्व असावें लागतें. दांतांत भरलेली चांदी, टांके, स्क्रू, तारा अशा किरकोळ वस्तु त्यांतून वगळल्या आहेत. आपल्या देशांत ऑगस्ट २०१७ मध्यें राष्ट्रीय औषध-मूल्य प्राधिकरणानें गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हां त्याच आदेशांत असेंहि सांगितलें कीं इस्पितळानें बिलांत सांध्याची किंमत निराळी दाखवावी आणि त्यापुढें त्याचें नांव, बनविणार वा आयात करणार, व बॅचचा क्रमांक लिहावा. त्यानंतर गुडघे बदललेल्या श्रोत्यांनीं आपलें बिल एकवार काढून पाहावें. कार्ड हरवलें असलें तरी उत्तर कदाचित् त्यांतच असेल.

आतां प्रत्यक्ष काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. सांध्याचा प्रत्येक भाग ज्या खोक्यांतून येतो त्यांत चिकटविण्याच्या लहान चिठ्ठ्या असतात. त्यांवर कंपनी, नमुना, माप, 'रेफ' या अक्षरांपुढें सूचीचा क्रमांक आणि 'लॉट' या अक्षरांपुढें घाण्याचा क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेच्या टिपणांत त्या चिकटवितात. कार्डावरहि त्याच चिठ्ठ्या चिकटविलेल्या असल्या तर उत्तम. हातानें लिहिलेल्या क्रमांकांत एक आंकडा चुकला कीं सारेंच चुकतें. कार्ड मिळालें नसेल तर इस्पितळ सोडण्यापूर्वीं मागावें, आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची नक्कलहि मागावी. दोन गुडघे दोन वेळां बदलले असतील तर दोन कार्डें हवींत, आणि डावा कोणता, उजवा कोणता, तें त्यांवर स्पष्ट असावें. सिमेंट वापरलें कीं नाहीं, हेंहि विचारून लिहून घ्यावें. पुन्हां हात घालणाऱ्या शस्त्रवैद्याचा तो पहिला किंवा दुसरा प्रश्न असतो.

मूळ कार्ड जवळ बाळगावें, नक्कल घरीं ठेवावी, आणि छायाचित्र मुलांच्या दूरध्वनींत असावें. हल्लींच्या दूरध्वनींत, तो कुलूपबंद असतांहि परक्याला वाचतां येईल अशी वैद्यकीय माहिती लिहिण्याची जागा असते. माझ्या नातवानें ती मला दाखविली, आणि मीं आयुष्यांत प्रथमच त्या यंत्राला धन्यवाद दिले. बेशुद्ध माणसाच्या वतीनें बोलणारी वस्तु त्याच्या अंगावर असावी, ही कल्पना मात्र जुनी आहे. कॅलिफोर्नियांतील एका डॉक्टरांच्या मुलीला १९५३ सालीं धनुर्वाताच्या प्रतिविषानें जिवावरचें दुखणें आलें. तें पुन्हां होऊं नये म्हणून त्यांनीं तिच्यासाठीं मनगटांतली पट्टी करविली, आणि १९५६ सालीं त्यांतून 'मेडिकअलर्ट' ही संस्था निघाली. केवळ सांध्यासाठीं अशी पट्टी घालण्याचें कारण नाहीं. मधुमेह, रक्त पातळ करणारें औषध किंवा एखाद्या औषधाचें वावडें जोडीला असेल, तर मात्र त्या पट्टीचा विचार डॉक्टरांपाशीं अवश्य काढावा.

चुंबकीय यंत्रांत, म्हणजे ज्याला एम.आर.आय. म्हणतात त्यांत जावयाचें असतां तेथील माणसाला कार्ड आधीं दाखवावें. हल्लींचे बहुतेक सांधे त्यांत चालतात, पण कोणत्या अटीवर तें नमुन्यावरून ठरतें. शिवाय धातूच्या आसपासचें चित्र बिघडतें, तें टाळण्याची तजवीज त्यांना आधींच करतां येते. ताप येऊन सांधा दुखूं लागला, लाल झाला किंवा सुजला, तर घरच्या डॉक्टरांनाहि सांध्याची आठवण द्यावी. दांत काढतांना सांधेवाल्यांनीं जंतुनाशक औषध घ्यावें कीं नाहीं, याविषयीं पूर्वीं एक मत होतें, आतां बहुतेकांना त्याची गरज नाहीं असें मत आहे. तो निर्णय दंतवैद्य आणि अस्थिवैद्य यांचा, शेजाऱ्यांचा नव्हे.

नाशिकच्या डॉक्टरांनीं निघतांना सौ.ला नवें कार्ड दिलें; त्यांत पट्टीची व स्क्रूंची नोंद आहे. जुनें सांपडल्यावर मीं दोन्ही एकाच पाकिटांत घातलीं आणि मागें माझा व मुलीचा दूरध्वनि-क्रमांक लिहिला. पाकीट आतां सौ.च्या पर्समध्यें असतें. माझ्या हातीं तें देण्यास ती तयार नाहीं. परवां आम्ही तिच्या दाढेसाठीं दंतवैद्याकडे गेलों. खुर्चींत बसण्यापूर्वींच तिनें तें पुढें केलें. डॉक्टरांनीं चष्मा लावून दोन्ही कार्डें शेवटपर्यंत वाचलीं, वहींत नोंद केली, एक प्रश्न विचारला, आणि मग म्हणाले, "हां, आई, आतां तोंड उघडा."